मधली फळी

"दोन्ही जागा अलग अलग आल्या," तिकीट डोळ्यांपासून लांब धरत निरंजन म्हणाला. "डबा एकच आहे, पण तुझी जागा अलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये, माझी पलीकडच्या. हरकत नाही. कोणाला तरी सांगून बदलून घेऊ."

"नको," पद्मजा म्हणाली.

शब्द बाहेर पडला तेव्हा ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. झाकण आधीच घट्ट बसलं होतं. नवऱ्यानं आपल्याकडे पाहिलं हे कळताच ती म्हणाली, "लोक सामान लावून बसले असतात. काहून उठवायचं कोणाला?" कारण रास्त होतं. निरंजननं मान हलवून ते मान्य केलं आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. पण प्रयोगशाळेत नळीतल्या द्रावाचा रंग आधी बदलला की साका आधी खाली बसला, हे पाहण्यात जिची इतकी वर्षं गेली, तिला हेही दिसलं की 'नको' आधी आलं होतं आणि कारण मागाहून तयार झालं होतं. रायपूरच्या फलाटावर दुपारचं ऊन पत्र्याच्या कडेवरून सरकत सामानाच्या ढिगापर्यंत आलं होतं. हमाल, पोती, निळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या, सगळं नेहमीचं होतं. तिला मात्र त्या एका शब्दाची भीती वाटली. सोमवारी भोपाळला तिला 'हो' म्हणायचं होतं.

त्या 'हो'साठीच ती निघाली होती. राज्याचे दोन भाग झाले तेव्हा सरकारी माणसंही वाटली गेली. निरंजन सिंचन खात्यात होता, तो भोपाळलाच राहिला. पद्मजा माती आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिचा जन्म रायपूरच्या पुरानी बस्तीतला म्हणून ती नव्या राज्याच्या वाट्याला आली. तात्पुरतं आहे, सगळे म्हणाले. मूल नव्हतं, त्यामुळे शाळा कुठली, हा प्रश्न नव्हता. एक महिना तिनं भोपाळला जायचं, एक महिना त्यानं रायपूरला यायचं, असं ठरलं, आणि त्या तात्पुरत्याला तीन वर्षं झाली. आता भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई रायपूरला यायला तयार झाल्या होत्या. त्यांचं सासर इथलं. दोघींनी सोमवारी मोठ्या साहेबांसमोर संमती द्यायची, की पद्मजाची बदली भोपाळला आणि त्या बाईंची इकडे. ही जुळणी व्हावी म्हणून निरंजन वर्षभर कचेऱ्यांचे जिने चढला होता. काल पुरानी बस्तीत तिचा भाऊ सुशील याच्या मुलाची मुंज झाली. तिथं पंगतीत निरंजननं स्वतःहून सगळ्यांना सांगितलं, "या वेळी घेऊनच चाललो हिला." वाढणारी सुनीती, सुशीलची बायको, हातातलं भांडं तसंच धरून म्हणाली होती, "बरं झालं बाप्पा! सुटली आमची ताई. दर खेपेले एकटी गाडीत बसते, बोर होऊन जात असन बिचारी." सुशील हिंदीतच म्हणाला, "जीजाजी, अब तो मिठाई आपकी तरफ से." सगळे हसले. पद्मजाही हसली. आपण हसतो आहोत तो आवाज बाजूच्या पानावरून येतो आहे असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

गाडी लागली. तिची जागा खिडकीची, पाठ पार्टिशनला लागून. निरंजन सामान खाली सरकवून पलीकडे गेला आणि त्याच पार्टिशनला दुसऱ्या बाजूनं पाठ लावून खिडकीशी बसला. दोघांच्या मध्ये पिवळसर सनमायका लावलेली एक फळी. अशी फळी कशी वागते ते तिला ठाऊक होतं. पलीकडचा माणूस टेकला की ती किंचित आत येते. वर, सगळ्यात वरच्या बर्थच्याही वर, जाळी असते आणि तिच्यातून पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आपल्या बाजूच्या बोलण्यापेक्षाही स्वच्छ. या गोष्टी तिला कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या तिनं एकेका खेपेला गोळा केल्या होत्या.

पहिल्या खेपा वाईट गेल्या होत्या. वेळ अंगावर ओल्या कपड्यासारखा चिकटून राही. तिनं मासिकं नेली, सुनीतीनं लोकर आणि सुया दिल्या, प्रयोगशाळेतल्या देवश्रीनं, जी घरी मराठी ऐकत वाढली होती पण उत्तर हिंदीतच देई, सांगितलं, "मैडम, मूँगफली ले जाइए. छीलते छीलते आधा रास्ता कट जाता है." निरंजननं तर शब्दकोडी कापून ठेवायला सुरुवात केली. भोपाळला असताना रविवारच्या पेपरातलं कोडं ती सोडवत असे, हे त्याच्या लक्षात होतं. प्रत्येक भेटीच्या शेवटी, स्टेशनवर निघायच्या आधी, तो कात्रणांची जुडी रबर लावून तिच्या हातात देई. "गाडीत बोर होशील. ठेव." ती ठेवून घेई. चौथ्या खेपेला तिनं मासिक उघडलंच नाही. सहज बाहेर पाहत राहिली. कापणी झालेली होती, शेतं उघडी पडली होती आणि एकदम तिला दिसलं की ज्या मातीचे नमुने वर्षानुवर्षं कापडी पिशव्यांतून आपल्या टेबलावर आले, ती माती इथं सलग पसरलेली आहे. खारून नदी ओलांडली की लाल खडेरी भाठा, त्यावर काही उगवत नाही. मग पिवळी मटासी, धानाची. बांध खाली उतरत गेले की तळाशी काळी कन्हार, भेगाळलेली. टेबलावर या तीन पिशव्या होत्या. खिडकीतून पाहताना त्यांच्यामध्ये कुठंच रेघ नव्हती. पिवळी कुठं संपते आणि काळी कुठं लागते हे पकडायचा ती प्रयत्न करी आणि दर वेळी ती जागा मागं निघून गेलेली असे. शिवनाथचा पूल आला तेव्हा तिला कळलं की दुर्ग केव्हाच गेलं.

मग बाकीचं सापडत गेलं. पेल्यातल्या पाण्यावर रुळांच्या सांध्यांची वलयं उठतात, आणि गाडीचा वेग वाढला की ती एकमेकांत मिसळून पाणी नुसतं थरथरतं. बोगद्याच्या आधी हवेला ओल्या दगडाचा वास येतो, बोगदा दिसायच्याही आधी. आणि माणसांची बोली. रायपूरला गाडीत चढणारा मराठी माणूस हिंदीतच बोलतो, बायकोशीही. राजनांदगाव, डोंगरगड सरतं, बोगदा जातो आणि कोणाच्या तरी तोंडून पहिला मराठी शब्द येतो. कोण, कुठल्या स्टेशनानंतर वळेल, हे ती मनाशी ओळखू लागली. स्वतः मात्र वळत नसे. नागपूर येईपर्यंत मराठी बोलायची नाही असा तिनं नियम केला. मराठी येत नाही अशी बाई म्हणून बसायचं. एकदा समोर यशवंतराव नावाचे म्हातारे आणि त्यांची बायको होती. दोघांचं तिच्यावरूनच जुंपलं.

"तेलगू आहे," यशवंतराव म्हणाले.

"तेलगू अशा नसतात जी. गजरा असता. घटस्फोटवाली असन."

"चेहऱ्यावर लिहून आहे काय?"

"मंग एवढा टाइम झाला, कोणाले फोन नाही, कोणाची वाट नाही. अन् चेहरा पाहा, जशी सिनेमा पाहून राहिली बाहेर."

नागपूरला ती दोघं उतरू लागली तेव्हा पद्मजानं बाकावरचा चष्मा उचलून दिला. "काकू, चष्मा राहिला तुमचा." काकूंचं उघडं राहिलेलं तोंड पुढं कितीतरी दिवस तिला पुरलं. नळीत द्राव ढवळताना आठवे आणि ती एकटीच हसे. देवश्री विचारी, "क्या हुआ मैडम?" ती म्हणे, "कुछ नहीं."

निरंजनलाही तिनं हे सांगितलं नाही. भोपाळच्या फलाटावर तो प्रत्येक वेळी विचारी, "बोर झाली असशील?" आणि ती म्हणे, "हो, थोडी." सुरुवातीला ते खरं होतं. पुढं ते तसंच म्हणत राहणं सोपं होतं. त्यानं काळजी करायची आणि तिनं थोडं दमलेलं दिसायचं, एवढ्यावर भेटीची सुरुवात बरी होई. रायपूरला समता कॉलनीत, दातांच्या एका दवाखान्यावरच्या तिच्या दोन खोल्यांतही असंच काही जमत गेलं होतं. तिथल्या गॅलरीत रोज काळी बारीक धूळ बसते. सिलतऱ्याकडून वारा आला की जास्त. सगळी कॉलनी त्या धुळीला शिव्या देते. एका रविवारी तिनं प्रयोगशाळेतलं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या धुळीवरून फिरवलं. धुळीतले कण उभे राहिले आणि कागदाला चिकटले, केसांसारखे. तिकडच्या भट्ट्यांतलं लोखंड वाऱ्यावर बसून तिच्या गॅलरीत येत होतं. ती कितीतरी वेळ उकिडवी बसून चुंबक फिरवत राहिली. चहा ठेवायचा राहिला, आणि राहिला तरी कोणाचं काही अडलं नाही. भोपाळहून यंत्रं येणार होती ती आली नाहीत, तेव्हा तिनं आणि देवश्रीनं भाड्याच्या तीन खोल्यांत मिळेल त्या सामानावर प्रयोगशाळा उभी केली होती. आता जिल्ह्यांतून पिशव्या येत होत्या. प्रत्येकीवर गावाचं नाव. हे सगळं सोडायचं आहे याचं दुःख होतं, पण ते सांगता येण्यासारखं होतं. नोकरीचं दुःख कोणालाही कळतं. गाडीतल्या खिडकीचं काय सांगायचं? नवऱ्यापासून दूर असण्यातला जो भाग आपल्याला आवडू लागला आहे, त्याला काय नाव द्यायचं? त्याच्यावर राग नव्हता. त्याचा कंटाळा नव्हता. तो भेटला की बरं वाटे. पण तो भेटेपर्यंतच्या आणि तो गेल्यानंतरच्या वेळात ती कोणीतरी वेगळीच, जास्त जागी बाई होती, आणि सोमवारचं 'हो' म्हणजे त्या बाईला रायपूरला ठेवून येणं होतं.

दुर्ग गेलं. मागची फळी किंचित आत आली. निरंजन टेकला होता. जाळीतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला, बोगद्याची वाट न पाहता मराठीतच.

"कुठवर जी?"

"भोपाळ," निरंजन म्हणाला.

"मी गोंदियापर्यंत. पोरीकडे. गंगाधर नाव माझं. रेल्वेत होतो. जन्मभर गाड्या सोडल्या, आता घरचे मले गाडीवर सोडाले येतात." आपल्याच बोलण्यावर तो हसला. कागद उलगडल्याचा आवाज आला. "चिवडा घ्या. घ्या न, घरचा आहे. फॅमिली?"

पद्मजानं वाट पाहिली. आता निरंजन म्हणेल, ती काय, मागंच बसली आहे. मग गंगाधर डोकावेल, नमस्कार होतील, जागा बदलली जाईल. तिनं पायातली चप्पल सरळ करून ठेवली.

"घरी आहे," निरंजन म्हणाला. "भोपाळला."

बाहेर मटासी होती, उतरत्या उन्हात हळदीसारखी. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण जाळीतून चुकीचं ऐकू येत नाही.

"नोकरीवाली का घरीच?"

"नोकरी आहे. लॅबमध्ये. संध्याकाळी येते. आली की पहिले पायरीवरची कुंडी पाहते, मंग मले."

"म्हणजे तुमचा नंबर दोन!"

"कढीपत्ता आहे कुंडीत. मी पाणी टाकलं म्हणून सांगितलेलं चालत नाही. मातीत बोट घालून पाहते. खोटं निघालं तं काही बोलत नाही, फक्त बोट पुसते. ते बोट पुसणं मोठं वाईट असते, भाऊ."

गंगाधर मनापासून हसला. निरंजनही हसला. हे हसू तिनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. महिन्यातले जे दोन दिवस त्यांना मिळत त्यांत गॅस, पाण्याचं बिल, साहेब काय म्हणाले, बदलीचं कुठवर आलं, एवढंच बोलणं होई. आणि तो कढीपत्ता. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो वाळला. फोनवर निरंजननं सांगितलं होतं, जरा वेळ थांबून, जसं कोणी आजारी माणसाचं सांगतं. आता तो पुन्हा पायरीवर हिरवा उभा होता. रोज संध्याकाळी ती येऊन त्याच्या मातीत बोट घालत होती.

"उद्या रविवार आहे न," पलीकडे तो सांगत होता, अगदी निवांत, शब्दांमध्ये जागा सोडत. "मी पोचेन तोवर पेपर आला असेल अन् हिनं शब्दकोडं सोडवून ठेवलं असेल. एक-दोन शब्द माझ्यासाठी सोडते. येत असतात तिले. मले समजते ते. मी दाखवत नाही."

"अन् मुंजीले नाही आणलं त्याईले? त्याईच्या सख्ख्या भावाकडची मुंज म्हणता."

"गाडीचा प्रवास तिले नाही जमत. बोर होते."

एरवी कुठल्याही खेपेला तिनं पलीकडचं ऐकलं की ते तिच्या करमणुकीचं होई. घरी नेऊन पुन्हा पुन्हा काढायचं. हे तसं नव्हतं. तो थाप मारतो आहे असं तिला वाटेना. जुन्या नमुन्याचा आकडा तो आजच्या तारखेखाली लिहीत होता, आणि आकडा खरा होता. एका महिन्याआड तोही याच गाडीनं एकटा येत-जात होता, तितकेच तास. त्या तासांचं तो काय करतो, हे तिनं तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. स्वतःच्या खिडकीवर ती इतकी खूश होती की त्यालाही एक खिडकी असते हे तिला सुचलं नव्हतं. तो अनोळखी माणसांना आपलं घर दाखवत जात होता. घरात ती होती. ती तिथं किती चांगली नांदत होती! घरातल्या त्या बाईला भेटायला म्हणून तो वर्षभर जिने चढला होता, आणि सोमवारी भोपाळला जी 'हो' म्हणेल ती ती बाई नसेल, हे एकट्या पद्मजाला माहीत होतं.

राजनांदगावला पलीकडून कोणी उतरलं. गाडी हलल्यावर ती उठली. सरळ जाऊन म्हणायचं, मी इथंच आहे, ऐकू येतं सगळं. एवढंच तिच्या मनात होतं. पण पार्टिशनला वळसा घालून ती समोर उभी राहिली तेव्हा निरंजनच्या मुठीत चिवडा होता आणि शेजारी गंगाधर, पांढऱ्या मिशांचा, त्याच्याकडे जुन्या मित्रासारखा पाहत बसला होता. मराठीत एक शब्द काढला असता तर नवरा त्या माणसासमोर खोटा पडला असता. तिच्या तोंडून गाडीतलीच सवयीची भाषा निघाली. "भैया, यहाँ कोई बैठा है क्या?"

"नहीं, नहीं. बैठिए दीदी. वो तो उतर गए," गंगाधर म्हणाला.

निरंजननं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या चिवड्याकडे. मग पाय आखडून घेतले, परक्या बाईसाठी घेतात तसे. ती समोर खिडकीशी बसली.

"बंगाली दिसून राहिली," गंगाधर मराठीत, आवाज न उतरवता म्हणाला. "नाही तं ओडिया. अशा गुमसुम त्याच असतात."

"असेल," निरंजन म्हणाला.

"पाहा न, हातात पुस्तक नाही, काही नाही. एकट्या बाईनं टाइम काढाचा तरी कसा बाप्पा?"

निरंजन बाहेर पाहत होता. "मी पण तोच विचार करून राहिलो," तो म्हणाला.

बाहेर उजेड कमी होत चालला होता आणि बांध, झाडं, माणसं एकाच रंगाची होत होती. तिनं मांडीवरचे हात एकावर एक ठेवले. "माफ कीजिएगा," ती निरंजनला म्हणाली, "आवाज़ उधर तक आ रही थी. आप अपने घर की बात कर रहे थे. अच्छा लगा सुनकर." गंगाधरची मान डोलली. मग तिनं विचारलं, "एक बात पूछूँ? आपकी मिसेस को अकेले सफ़र करना अच्छा लगता हो, तो?"

गंगाधरच्या भुवया वर गेल्या. "हिले काय करायचं आहे जी तुमच्या बायकोचं?"

"नाही भाऊ, बरोबर विचारून राहिली." निरंजन त्याच्याकडे वळला. त्याचा खांदा आता पद्मजाकडे होता. तो मराठीतच बोलत राहिला, आणि मघाचा निवांतपणा त्याच्या आवाजातून गेला होता. "खरं सांगू? ती भोपाळला नसते. रायपूरला असते. राज्य वेगळं झालं तेव्हापासून."

"अन् मघापासून तं तुम्ही..."

"म्हणत होतो. गाडीत बसलो की म्हणतो. तेवढाच वेळ जाते." त्यानं मुठीतला चिवडा परत कागदावर ठेवला. "आता बदली होणार आहे तिची. मीच करवली. सोमवारी तिनं हो म्हटलं की झालं. पण तिले इकडं करमते, भाऊ. मले माहीत आहे. मी तिले कोडी कापून कापून देतो, गाडीत सोडवायले. ती ठेवून घेते. परवा तिच्या खोलीवर बिस्किटाचा डबा उघडला, साखर समजून. साऱ्या जुड्या तशाच होत्या. रबरसुद्धा काढलं नव्हतं."

पद्मजानं दूरचा एक ताड धरला आणि तो मागं जाईपर्यंत त्याच्यावरून नजर काढली नाही. चेहरा न हलवता ऐकायची तिला सवय होती. तीन वर्षं तिनं तेच केलं होतं. ताड गेल्यावर दुसरं काही दिसेना.

"मंग सरळ विचारा न तिले," गंगाधर म्हणाला. "बायको आहे तुमची. काहून नाही विचारत?"

"विचारलं तं ती खरं सांगते," निरंजन म्हणाला. "म्हणून नाही विचारत."

डोंगरगड आलं आणि गेलं. चहावाला आला तेव्हा कोणीच चहा घेतला नाही. जंगल लागलं. ओल्या दगडाचा वास आला आणि मग बोगदा. डब्यातला दिवा मंदावला, चाकांचा आवाज भिंतींवरून परत येऊन कानांत भरला. निरंजनच्या ओठांची हालचाल तिला दिसली असं वाटलं, पण ती दिव्याची थरथर असेल. बोगदा संपल्यावर गंगाधर पुढं झुकला आणि घरची गोष्ट झाकायला अत्यंत सभ्यपणे तिला हिंदीत म्हणाला, "दीदी, भाई साहब कह रहे हैं कि इनकी मिसेस को गाड़ी में डर लगता है. आदत नहीं है. और कोई बात नहीं."

"जी," ती म्हणाली. "समझ गई."

गोंदियाला गंगाधरनं चिवड्याचा कागद निरंजनच्या मांडीवर ठेवला आणि पिशवी उचलली. उतरताना तो मागं वळला. "एक सांगू? परक्या बाईसमोर घरच्या गोष्टी नका करत जाऊ. भाषा येवो का न येवो, यायले सारं समजते." निरंजन हसला नाही. "हव," तो म्हणाला. म्हातारा फलाटावरच्या गर्दीत आपल्या मुलीला शोधत गेला.

त्या बाकांवर आता दोघंच होती. गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर सगळीकडून मराठी ऐकू येत होती. गाडी सुटल्यावर निरंजननं विचारलं, हळू, हिंदीतच, "आप कहाँ तक जाएँगी?"

नियमाप्रमाणे नागपूर अजून दूर होतं. "भोपाळ," ती मराठीत म्हणाली. "मंगळवारी परत."

त्यानं चिवड्याच्या कागदाची घडी केली. आणखी एक घडी केली. "त्या बाईंनी रायपूरला घर पाहून ठेवलं आहे," तो म्हणाला.

"मी सांगते त्यांना. सोमवारी. समोर जाऊन सांगते."

"हो." मग, बाहेरच्या अंधाराकडे पाहत, "मले सवय नाही झाली, पद्मा."

त्याचे हात गुडघ्यांवर पडले होते. नखाखाली शेवेचा पिवळा कण होता. तो काढून टाकावा असं तिला वाटलं.

"बोर नाही होत तू?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. आणि मग, अचूक राहायला हवं म्हणून, "पहिल्या तीन खेपा झाले. मग नाही."

त्यानं मान हलवली. तो आकडा त्यानं नीट ठेवून घेतला असं तिला वाटलं. दोन्ही बाकांवरच्या बाकीच्या जागा रिकाम्या होत्या. जागा बदलून घ्यायला आता कोणालाही उठवावं लागणार नव्हतं. तो त्याबद्दल काही म्हणेल म्हणून ती थोडा वेळ बसून राहिली. त्यानं घडी केलेला कागद खिशात ठेवला.

"सामान आहे तिकडं," ती म्हणाली.

"जा."

ती आपल्या खिडकीशी येऊन बसली. बाहेर काही दिसत नव्हतं. अधूनमधून एखादं फाटक, एखादा दिवा, आणि लगेच पुन्हा अंधार. बाटलीतलं पाणी तिनं पेल्यात ओतलं आणि पेला खिडकीच्या कडेला धरला, पण वलयं पाहायला उजेड पुरेना. तिनं पाठ टेकली. फळी सपाट आणि गार होती. पलीकडे तो अजून पुढं झुकून बसला असेल, हात गुडघ्यांवर. तिरोडा गेलं. तुमसरही गेलं असावं. मग फळी हलकेच आत आली, आधी खांद्यापाशी, मग सबंध पाठीला, आणि तशीच राहिली.

ती सरकून बसली नाही.